जुन्या मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन

जुन्या मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन म्हणजे बंद पडलेली, गंजलेली किंवा काही भाग हरवलेली मोटारसायकल पूर्णपणे खोलून, तिचे भाग स्वच्छ, दुरुस्त अथवा बदलून तिला शक्य तितक्या मूळ रूपात पुन्हा चालती करणे होय. हे काम व्यावसायिक कार्यशाळेत करून घेता येते. परंतु गाडीचा मालक स्वतः घराच्या अंगणात, पडवीत किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात ते टप्प्याटप्प्याने करतो तेव्हा त्यास घरगुती पुनरुज्जीवन म्हणतात. घरगुती कामात श्रम व वेळ मालकाचा असतो आणि लेथ, वेल्डिंग, क्रोम यांसारखी यंत्रसामग्री लागणारी कामे तेवढी बाहेरून करून घेतली जातात.

महाराष्ट्रात अशा गाड्या बहुधा कुटुंबातच सापडतात. वडिलांनी किंवा आजोबांनी नोकरीच्या काळात घेतलेली, नंतर वापरातून गेलेली आणि घराच्या मागील बाजूस उभी राहिलेली मोटारसायकल हे या कामाचे नेहमीचे आरंभस्थान आहे. त्यामुळे या विषयाला यांत्रिक बाजूबरोबरच वारसा, कागदपत्रे व कायदा यांचीही बाजू आहे. इंजिन सुरू झाले, तरी गाडीची कायदेशीर ओळख टिकून नसेल, तर ती रस्त्यावर नेता येत नाही.

संज्ञा व व्याप्ती

जुन्या वाहनावर केल्या जाणाऱ्या कामाचे साधारणतः चार प्रकार मानता येतात.

दुरुस्तीत गाडी चालू करण्यापुरताच बिघाड दूर केला जातो; भाग मूळचा आहे की नाही, याला महत्त्व नसते. जतनात गाडीचा मूळ रंग, झिजलेली अक्षरे, बसलेले ओरखडे तसेच ठेवून पुढील ऱ्हास थांबवला जातो. पुनरुज्जीवनात गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या वेळच्या रूपाकडे परत नेली जाते. रूपांतरात जुन्या सांगाड्यावर नव्या प्रकारचे हँडल, आसन, चाके किंवा इंजिन बसवून मूळापेक्षा वेगळी गाडी तयार केली जाते.

व्यवहारात या सीमा पुसट असतात. मात्र काम सुरू करण्यापूर्वी यांपैकी काय करायचे, हे ठरलेले असणे आवश्यक असते. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग किंवा कापून टाकलेले मडगार्ड परत आणता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील मोटारसायकल उद्योग परवाना पद्धतीमुळे मोजक्या उत्पादकांपुरता मर्यादित होता. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची ३५० सीसी बुलेट, म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून तयार केलेली २५० सीसी जावा व त्यानंतरची येझदी, आणि एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत या त्या काळातील परिचित गाड्या होत. बुलेट चार-स्ट्रोक, तर जावा, येझदी व राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्या होत्या. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसी वर्गातील गाड्या आल्या. इंड-सुझुकी एएक्स १००, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १०० या चार गाड्या अवघ्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने बाजारात उतरल्या. त्यांपैकी सीडी १०० चार-स्ट्रोक होती. उरलेल्या तिन्ही दोन-स्ट्रोक होत्या. वजनाने हलक्या, किकेला चटकन सुरू होणाऱ्या आणि कमी इंधन पिणाऱ्या या गाड्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबांत स्कूटरच्या बरोबरीने स्थान मिळवले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रदूषणाची मानके कडक होत गेली, तसतशा दोन-स्ट्रोक मोटारसायकली उत्पादनातून बाहेर पडल्या. आज घरगुती पुनरुज्जीवनासाठी निवडल्या जाणाऱ्या गाड्यांत या दोन्ही पिढ्यांचा समावेश होतो.

छत्रपती संभाजीनगर व वाळूज

मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचा मोटारसायकलशी असलेला संबंध औद्योगिक स्वरूपाचा आहे. बजाज ऑटो कंपनीच्या वाळूज येथील कारखान्याचे उद्घाटन १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. सोळा महिन्यांत हा कारखाना उभा राहून उत्पादन सुरू झाले. पुढील वर्षी, १९८६ मध्ये, कंपनीने जपानच्या कावासाकीच्या तांत्रिक सहकार्याने तयार केलेली केबी १०० ही मोटारसायकल व एम-८० ही दुचाकी बाजारात आणली. १९९१ मध्ये चार-स्ट्रोक फोर एस चॅम्पियन, १९९७ मध्ये बॉक्सर आणि १९९८ मध्ये वाळूजमधून बाहेर पडलेली कॅलिबर हे या सहकार्याचे पुढील टप्पे होत.

कारखान्याच्या पाठोपाठ वाळूज औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचे उद्योग वाढले. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज व व्हॅरॉक या वाहनांचे भाग तयार करणाऱ्या कंपन्या याच शहरात वाढल्या. लेथ, ग्राइंडिंग, ओतकाम, रबर व रंगकाम यांचे कौशल्य असलेला मोठा कामगारवर्ग त्यामुळे शहरात निर्माण झाला. पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण ज्या भागांचे उत्पादन थांबले आहे, ते नमुन्यावरून करून देणारा कारागीर जवळ असणे हाच अनेकदा काम पुढे जाण्याचा एकमेव मार्ग असतो.

शहराच्या मध्यवर्ती भागातील क्रांती चौक या औद्योगिक भूगोलाच्या मध्यावर येतो. जालना रस्त्यावरील या चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १८५७ च्या उठावात येथील छावणीतील घोडदळाच्या शिपायांनी बंड केले होते. त्या क्रांतीची आठवण चौकाशी जोडलेली आहे. चौकापासून पश्चिमेकडे छावणीमार्गे नगर रस्त्याने वाळूजला, तर पूर्वेकडे जालना रस्त्याने चिकलठाणा औद्योगिक वसाहतीकडे जाता येते. शहरात नोंदवलेल्या वाहनांचा सांकेतिक क्रमांक एमएच-२० हा आहे. ही पद्धत १९८९ पासूनची असून त्यापूर्वी नोंदवलेल्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरे व आकडे असा जुना क्रमांक असतो. १९८६ ते १९८९ या काळातील केबी १०० गाड्या या जुन्या क्रमांकांच्या शेवटच्या गाड्यांपैकी होत.

कागदपत्रांची तपासणी

अनुभवी पुनरुज्जीवक पाना हातात घेण्यापूर्वी कागदपत्रे तपासतात. चेसिस नंबर सामान्यतः हँडलच्या मानेजवळ सांगाड्यावर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. हे दोन्ही क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. गंज, रंगाचे थर किंवा ग्रीस यांखाली क्रमांक झाकला गेला असल्यास तो तारेच्या ब्रशने न घासता रॉकेल व मऊ कापडाने स्वच्छ करतात. कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेली त्याची छाप परिवहन कार्यालयातील तपासणीतही उपयोगी पडते.

मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे हस्तांतर करणे आवश्यक असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मालकाच्या मृत्यूची माहिती वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावी व तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात वडिलांच्या निधनानंतर गाडी अनेक वर्षे तशीच उभी राहते आणि ही मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे व इतर वारसांची संमती जुळवावी लागते. भावंडे निरनिराळ्या गावी असल्यास या टप्प्याला इंजिनच्या कामापेक्षाही अधिक काळ लागू शकतो.

विकत घेतलेल्या गाडीसाठी नमुना २९ व ३०, हरवलेल्या प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ आणि दुसऱ्या राज्यात नोंदवलेल्या गाडीसाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कागदपत्रांविना, केवळ स्वस्त मिळते म्हणून घेतलेली गाडी पुढे चोरीची किंवा नोंदणी रद्द झालेली निघण्याचा धोका असतो.

पूर्वतयारी व नोंदी

घरगुती कामासाठी झाकलेली, हवा खेळती राहील अशी जागा लागते. पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, फीलर गेज, मल्टिमीटर, मॅग्नेटचे चाक ओढून काढण्यासाठी त्या गाडीचा पुलर आणि गाडी उभी धरणारे मजबूत स्टँड ही मूलभूत साधने होत. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढल्यास क्रँकचे टोक वाकते, म्हणून पुलरला पर्याय नाही.

खोलण्याचे काम सोपे वाटते, परंतु अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्या याच टप्प्यावर अडकतात. सुटे भाग एकाच डब्यात टाकले, की काही महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे, लहान पिशव्यांवर नाव लिहून त्यांत नट-बोल्ट व वायसर ठेवणे आणि वहीत क्रम नोंदवणे ही पद्धत रूढ आहे. वायरिंगच्या बाबतीत प्रत्येक तारेचा रंग व ती कोठून कोठे जाते, हे रेखाटून ठेवतात. काढलेला खराब भागही नवा भाग हाती येऊन बसेपर्यंत टाकून देत नाहीत. मापासाठी तोच एकमेव नमुना असतो.

इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन पुष्कळदा जाम झालेले असते. सिलिंडरमध्ये शिरलेल्या ओलाव्याने पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला चिकटतात. अशा वेळी किक जोराने मारल्यास रिंगा तुटतात किंवा किकेचे दाते जातात. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल किंवा गंज सैल करणारे तेल सोडून काही दिवस वाट पाहणे आणि मग इंजिन हलक्या हाताने पुढे-मागे फिरवून पाहणे हा सुरक्षित मार्ग होय.

सिलिंडर काढल्यानंतर त्याची भिंत, पिस्टन व रिंगा तपासतात. झीज किंवा खोल ओरखडे असल्यास लेथच्या कारखान्यात बोअर करून घेतात व त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. असे पिस्टन ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अशा वाढत्या मापांत मिळतात. बोअर प्रत्येक वेळी लागेल तेवढाच वाढवणे योग्य असते. शेवटच्या मापाला पोहोचलेल्या सिलिंडरला पुढे नवी स्लीव्ह बसवावी लागते. पिस्टन हाती आल्यावर त्याच्या प्रत्यक्ष मापावरून बोअर करण्याचा प्रघात आहे.

दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलना विशेष महत्त्व असते. या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते व तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असावी लागते. गाडी उभी असताना सीलचे रबर कडक होते. कडक सीलमधून बाहेरची हवा आत शिरली, की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, इंजिन बेसुमार तापते आणि नवा पिस्टनही पकडून बसतो. नव्या पिस्टनवर खर्च करून जुने सील तसेच ठेवणे ही घरगुती कामातील वारंवार आढळणारी चूक आहे.

कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वाजत असल्यास क्रँक दाबयंत्रावर वेगळा करून नवा रॉड बसवावा लागतो व नंतर डायल गेजवर तो सरळ करून घ्यावा लागतो. हे काम घरी होत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात याशिवाय व्हॉल्व्ह, त्यांच्या बैठका, गाइड व टायमिंग चेन यांची तपासणी येते.

इंधनव्यवस्था

जुन्या टाकीतील पेट्रोल वाळून चिकट थर जमतो आणि आतून गंज चढतो. टाकीत लहान खडी किंवा नट घालून हलवणे, त्यानंतर सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण भरून ठेवणे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणे आणि लगेच पूर्ण वाळवून आतून तेलाचा हात फिरवणे अशा क्रमाने ती स्वच्छ करतात. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते व ठिणगी पडल्यास स्फोट होऊ शकतो. त्यामुळे गळक्या टाकीला घरी वेल्डिंग करणे अत्यंत धोक्याचे आहे.

कार्ब्युरेटर खोलून जेट, फ्लोट व सुईची बैठक स्वच्छ करतात. जेटची छिद्रे तारेने कोरल्यास मोठी होतात. ती द्रावकाने व हवेच्या झोताने मोकळी करावी लागतात. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. जुन्या गाड्यांचे रबरी भाग अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी व कार्ब्युरेटर लवकर गंजतात. नळ्या, वॉशर व सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करणे हे त्यावरचे उपाय होत.

ज्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तेलाचा स्वतंत्र पंप नसतो, त्यांत पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते. गाडीनुसार हे प्रमाण लिटरला साधारण २० ते ४० मिलिलिटर असते. तेल कमी पडल्यास इंजिन पकडते. अधिक झाल्यास धूर वाढतो, प्लग काळा पडतो व सायलेन्सर काजळीने भरतो. पंप असलेल्या गाडीत तो वर्षानुवर्षे बंद राहिलेला असतो, म्हणून त्याची नळी भरून तेल खरोखर पुढे जाते याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही तेल मिसळतात.

विद्युतव्यवस्था

१९८० पूर्वीच्या अनेक गाड्यांत सहा व्होल्टची व्यवस्था असते. पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांवर ठिणगी अवलंबून असते. पॉइंटमधील अंतर बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवले जाते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा लागतो. जुन्या तारांचे आवरण उंदरांनी कुरतडलेले किंवा उष्णतेने ठिसूळ झालेले असल्यास जोडकाम करत बसण्यापेक्षा संपूर्ण वायरिंग मूळ रंगांच्या तारांनी नव्याने करणे अधिक भरवशाचे ठरते. दिवे मंद लागण्याचे कारण पुष्कळदा बॅटरी नसून रंगाखाली झाकली गेलेली अर्थची जोडणी असते.

चाके, ब्रेक व टायर

स्पोकच्या चाकांत रिमचा गंज व सैल तारा तपासून चाक आऊट काढतात, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे डुलणार नाही असे ताणून घेतात. हे कसब सायकल दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांकडेही आढळते. टायरच्या खोबणी शिल्लक असल्या, तरी रबर जुने होऊन भेगा पडलेले असल्यास ते बदलावेच लागते.

ड्रम ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवल्यास ती फुफ्फुसांत जाते. ओल्या कापडाने ती पुसून काढणे योग्य होय. ब्रेक व क्लचच्या तारा, आतील स्प्रिंगा व ड्रमची झीज यांची तपासणी इंजिनच्या कामाइतकीच महत्त्वाची मानली जाते.

रंग व क्रोम

रंग देण्यापूर्वी जुने थर काढून गंज घालवतात, अस्तर देतात, खड्डे लांबीने भरतात आणि पॉलिशपेपरने पृष्ठभाग गुळगुळीत करून मग रंगाचे हात चढवतात. सांगाडा वाळूच्या झोताने साफ करून घेताना चेसिस नंबर जाड पट्टीने झाकला नाही, तर तो पुसट होतो. त्यावर लांबी भरली गेली, तर दिसेनासा होतो. कोरलेला क्रमांक नष्ट झाल्यास गाडीची ओळखच संशयास्पद ठरते.

मूळ छटा ओळखण्यासाठी टाकीच्या खालची, आसनाखालची किंवा बिल्ल्यामागची उन्हापासून झाकलेली जागा पाहतात. मूळ बिल्ले व पट्ट्या काढण्यापूर्वी त्यांची मापे व सांगाड्यापासूनचे अंतर नोंदवतात. क्रोमचा मुलामा घरी देण्यासारखा नाही, कारण त्या प्रक्रियेतील क्रोमियमची संयुगे विषारी असतात. कठीण थराच्या आधुनिक रंगांतील वाफही अपायकारक असल्याने योग्य मुखवट्याशिवाय बंद खोलीत रंगाची फवारणी करू नये.

पहिली चाचणी

इंजिन जोडून झाल्यावर प्रथम उभ्या गाडीत थोड्या थोड्या वेळाने ते चालवून थंड होऊ देतात. त्यानंतरची फेरी सकाळच्या वेळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर काढणे इष्ट असते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला गाडी चालत असतानाच पुरेशी हवा मिळते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा दुपारी क्रांती चौकासारख्या गर्दीच्या चौकात सिग्नलला वारंवार थांबावे लागल्यास, नव्याने बोअर केलेले इंजिन पकडून बसण्याची शक्यता वाढते. पहिले काही शे किलोमीटर इंजिनवर ताण न देता, वेग कमी-जास्त करत गाडी चालवतात. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळणे व प्लगचा रंग पाहणे ही प्रथा आहे. तपकिरी प्लग योग्य मिश्रणाचे, पांढरट प्लग पेट्रोल कमी पडल्याचे आणि काळा, ओलसर प्लग तेल किंवा पेट्रोल जास्त झाल्याचे लक्षण मानतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले. अधिक जुन्या वाहनांसाठी त्यानंतरही शुल्कात बदल झाले आहेत. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांना पर्यावरण कर द्यावा लागतो. वैध विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र बंधनकारक असून १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावणे राज्यात सक्तीचे करण्यात आले आहे. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर जसे निर्बंध घालण्यात आले, तशी सरसकट वयोमर्यादा महाराष्ट्रात नाही.

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वाहन वेगळे ठरेल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलले अथवा रंग बदलला, तर त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. त्यामुळे मूळ रूपाकडे नेणारे पुनरुज्जीवन कायद्याच्या दृष्टीने सुलभ, तर रूपांतर अडचणीचे ठरते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व सांगाडा, बाह्यरचना किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व मोटारी त्यांत येतात. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध राहते. पुढील नोंदणीस ५,००० रुपये लागतात. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित वापरास परवानगी नाही. १९६० च्या दशकातील जावा या व्याख्येत बसते. १९८६ ची केबी १०० मात्र २०३६ पर्यंत तीत बसत नाही. तोवर ती कायद्याच्या लेखी इतर वाहनांसारखेच एक जुने वाहन असते व दर पाच वर्षांच्या नूतनीकरणावरच तिचे अस्तित्व अवलंबून राहते. एखादे नूतनीकरण चुकले व कागदपत्रे विस्कळीत झाली, तर वारसा ठरण्यापूर्वीच अशी गाडी भंगारात जाते.

प्रदूषणाचा प्रश्न

दोन-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जाण्याची व नवे मिश्रण आत येण्याची वाट काही काळ एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. त्यात तेलाच्या धुराची भर पडते. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकींसाठी प्रदूषण तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. नीट बांधलेले इंजिन व योग्य प्रमाणातील तेल यांमुळे गाडी या मर्यादेत राहू शकते. परंतु आजच्या गाड्यांच्या तुलनेत ती अधिक प्रदूषण करते, ही वस्तुस्थिती बदलत नाही. म्हणून अशा गाड्या रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरता क्वचित व मर्यादित अंतरासाठी चालवाव्यात, असे मत मांडले जाते. याउलट, अस्तित्वात असलेले यंत्र टिकवल्याने नव्या वाहनाच्या निर्मितीस लागणारे धातू व ऊर्जा वाचते, असा युक्तिवाद पुनरुज्जीवनाचे समर्थक करतात.

सुटे भाग व मौलिकता

उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे भाग तीन मार्गांनी मिळतात: जुन्या दुकानांत शिल्लक राहिलेला कंपनीचा माल, दुसऱ्या गाडीतून काढलेले वापरलेले भाग आणि नव्याने केलेल्या नकला. पुण्यातील जुना बाजार व मुंबईतील चोर बाजार येथे असे भाग शोधले जातात. खप जास्त असलेल्या गाड्यांच्या नकला सहज मिळतात. केबी १०० सारख्या, तुलनेने लवकर विस्मरणात गेलेल्या गाडीसाठी मात्र बाजूची झाकणे, बिल्ले, दिव्यांच्या काचा व आसनाचा सांगाडा यांसारखे किरकोळ वाटणारे भागच दुर्मीळ ठरतात. इंजिनचा पिस्टन जुळवता येतो, पण टाकीवरचा बिल्ला जुळवता येत नाही, असा अनुभव सर्रास येतो.

एका गाडीसाठी दुसरी गाडी मोडली जाते, तेव्हा उरलेल्या गाड्यांची संख्या घटते. त्यामुळे पुन्हा उभी राहू शकणारी गाडी केवळ भागांसाठी मोडू नये, असा संकेत पाळण्याचा आग्रह जाणकार धरतात. त्याचप्रमाणे चकाकी आणण्याच्या ओघात प्रत्येक जुना भाग बदलल्यास शेवटी क्रमांकाखेरीज मूळ गाडीचे काहीच उरत नाही. वापरायोग्य भाग झिजलेला दिसला, तरी तो ठेवणे, बदललेल्या भागांची यादी करणे आणि ती कागदपत्रांसोबत जपणे ही पद्धत संग्रहालयशास्त्रातील जतनाच्या तत्त्वांशी जुळते. वाळूज येथे मोटारसायकल निर्मिती सुरू झाल्याला चार दशके लोटली आहेत. त्या काळातील यंत्रे, त्यांच्या पुस्तिका, खरेदीच्या पावत्या व जुनी नोंदणीपुस्तके ही छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक इतिहासाची साधने असून त्यांपैकी बरीच आज खाजगी घरांतच आहेत.